'कोरोसिव्ह' म्हणजे काय, सर?

(मुंबईत तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या काढल्यात.)



मला इथं बोलावणाऱ्यांनी विषय दिला होता, 'दलित कवितेची भाषा'. मी नाही म्हणालो. त्यावर बोलणारे पुष्कळ झालेत, आणि त्यातले निम्मे कविता लिहीत नाहीत. मी बोलणार आहे शाळेतल्या इंग्रजीच्या तासावर. तिथं आपल्या पोरांकडून काय वाचून घेतात, काय लिहून घेतात, एवढ्यावरच. हसा. तुमच्यातले बरेच इंग्रजी मीडियमचे आहेत, तुम्हाला हा विषय बारका वाटेल. मलाही वाटायचा. एका पिंपानं तो मोठा केला.

मी गोदीत ठेक्याच्या टोळीत आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एक कंटेनर खाली करत होतो. निळी प्लास्टिकची पिंपं. प्रत्येक पिंपावर टोकावर उभा केलेला चौकोन, वरून पांढरा, खालून काळा, आत चित्र : दोन नळ्यांतून काहीतरी सांडतंय, एका हातावर आणि एका पट्टीवर. खाली आठचा आकडा. आणि इंग्रजी अक्षरं. मी ती अक्षरं वाचली. मनात नाही, मोठ्यानं वाचली, कारण शाळेत मोठ्यानं वाचायचीच सवय लावलेली. 'कोरोसिव्ह.' मुकादम म्हणाला, "पेपर आहे काय तो, वाचत बसलास? उचल."

उचललं. एका पिंपाच्या झाकणाखाली ओल होती. माझ्या जोडीदारानं ती तळहातानं पुसली आणि तळहात चड्डीला पुसला. पाणीच असणार असं त्याला वाटलं. मोजे ठेकेदारानं दिलेले नव्हते. पुढचं सांगत नाही. त्याचा उजवा हात आजही पुरता मिटत नाही.

मला वाचता आलं होतं आणि मला समजलं नव्हतं. ह्या दोन गोष्टींच्या मधे माझी दहा वर्षांची शाळा उभी आहे. म्हणून हे भाषण.

मी गोंदिया जिल्ह्यातला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. गोंदिया म्हटलं की तुम्हाला विदर्भ एक्स्प्रेसचं शेवटचं स्टेशन आठवतं, त्यापुढं काही नाही. १९९९ च्या १ मेपर्यंत आम्ही भंडारा जिल्हा होतो. तोच भंडारा, जिथून बाबासाहेब १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि ज्या मतदारसंघानं त्यांना पाडलं. आमचे म्हातारे अजून तो विषय काढतात आणि गप्प होतात. धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यात रोवणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. त्यामुळं आमच्या वर्गात बसलेल्या पोराच्या तोंडात किती भाषा होत्या बघा. माझ्या घरी झाडीबोली. शेजारच्या बाकावरच्या पोवाराच्या घरी पोवारी. मागच्या बाकावर एक गोंड पोरगा, त्याच्या घरी गोंडी, रस्त्यावर झाडीबोली, बाजारात हिंदी, पुस्तकात पुण्याची मराठी, आणि मग इंग्रजी. म्हणजे त्याची इंग्रजी पाचवी भाषा! आणि त्याला मास्तर मंद म्हणायचे. पाच भाषांच्या काठाकाठानं चालणारं पोर मंद, आणि दीड भाषा येणारे मास्तर विद्वान.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी पाचवीपासून होती. चांगली गोष्ट झाली, मी तिच्या विरोधात नाही. मराठी मातीची काळजी करणाऱ्या थोरांनी तेव्हा ओरड केली होती. त्यांतल्या कितीजणांची नातवंडं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, एवढं विचारा म्हणजे झालं. पण सरकारनं इंग्रजी आणली म्हणजे पुस्तक आणलं. तास आणला नाही. तो तास कसा व्हायचा ते सांगतो.

मास्तर खुर्चीवर. पुढच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहून धडा वाचतो. तो ठरलेला. वर्षानुवर्षं तोच. मास्तर एकेक ओळ मराठीत सांगतात. बाकीचे पुस्तकात बोट ठेवून बसतात. बोट पुढं सरकत गेलं पाहिजे, एवढीच अट. मी पाचवीपासून आठवीपर्यंत बोट सरकवलं. मग फळ्यावर प्रश्नोत्तरं. मास्तर ती गाईडातून फळ्यावर उतरवणार, आम्ही फळ्यावरून वहीत, परीक्षेत वहीतून पेपरात. गाईडापासून पेपरापर्यंत उत्तर चार ठिकाणी उतरलं आणि एकाही डोक्यात शिरलं नाही. आमच्या धानाच्या पोत्याचंही असंच, बांधीतून खळ्यात, खळ्यातून गिरणीत, आणि ज्यानं पिकवलं त्याच्या ताटात कणी.

एकदा मी हात वर केला. म्हटलं सर, मी वाचतो. वाचायला लागलो. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणालो, 'स्टेशन'ला 'टेसन'. वर्ग हसला ते ठीक, पोरं हसणारच. मास्तर म्हणाले, "तुमच्या लोकांच्या जिभेला वळणच नाही." तुमच्या लोकांच्या! आमच्या बोलीत 'ण' नाही, आम्ही 'पानी' म्हणतो. मराठीच्या तासाला त्याचा मार, इंग्रजीच्या तासाला 'इस्कूल'चा मार. त्यानंतर मी तीन वर्षं हात वर केला नाही. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं तर तुम्हाला वाटेल एकच शाळा तशी आहे.

आता लिहिणं. पत्रलेखन असायचं. काकांनी वाढदिवसाला मनगटी घड्याळ पाठवलं, आभाराचं पत्र लिहा. माझे काका तेंदूच्या फळीवर पुडे मोजायचे, सत्तर पानांचा एक पुडा. वाढदिवस कुणाचा कधी ते आईलाही रोवणीच्या आगेमागे एवढंच ठाऊक. निबंध असायचा, मी पंतप्रधान झालो तर. माझा छंद. समुद्रकिनाऱ्यावरची सहल. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो गोदीच्या गेटातून, डोक्यावर ओझं घेऊन. असं म्हणू नका की कल्पनाशक्ती वापरायची होती. कल्पनाशक्ती वापरायला माझी हरकत नाही, मी कवी आहे. हरकत ही की दहा वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही, तुझ्या घरी आज काय झालं ते लिही.

एकदा म्हणालं. खोटं नको बोलायला. नववीत चार महिने एक बाई आल्या होत्या, तासिका तत्त्वावर. तासाला मोजून पैसे, सुट्टी आली की पैसे बंद. म्हणजे त्याही रोजंदारीच्याच. त्यांनी गाईड बंद केलं. म्हणाल्या, रोज दोन वाक्यं, तुमची स्वतःची, चुकली तरी चालतील, पण खरी पाहिजेत. पहिल्या दिवशी कुणालाच काही सुचेना. ज्याला दहा वर्षं उतरवायला लावलं त्याला लिही म्हटल्यावर घामच फुटतो. मी लिहिलं : माय मदर कट्स पॅडी. द फील्ड इज नॉट अवर्स. बाईंनी वही हातात घेतली, बराच वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही."

मित्रांनो, माझी पहिली कविता कोणती असं मला विचारतात. हीच.

त्या गोंड पोरानं लिहिलं होतं, आय नो फाइव्ह बर्ड्स इन गोंडी, नॉट इन इंग्लिश. बाई त्याला म्हणाल्या, मग तू गोंडीत सांग, आपण दोघं इंग्रजीत शोधू. मंद पोरगा! चार महिन्यांत त्याच्या वहीत पक्ष्यांची यादी झाली, गोंडी एकीकडं, इंग्रजी एकीकडं. पुढं बाईंची मुदत संपली, गाईड परत आलं. त्या यादीचं काय झालं मला ठाऊक नाही, पोरगा नववीनंतर शाळेत दिसला नाही.

मी दहावीला बसलो मार्च २०१९ मध्ये. ते वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी बोर्डानं भाषा विषयांचे शाळेनं द्यायचे वीस तोंडी गुण काढून टाकले. सगळं लेखी. आदल्या वर्षी, २०१८ ला, राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० वर आला. आणि आमचा नागपूर विभाग, ज्यात गोंदिया येतो, राज्यात सर्वात खाली, ६७.२७. पुढच्या वर्षी वीस गुण परत दिले, निकाल ९५.३० वर गेला. एका वर्षात पोरं हुशार झाली काय? की आमच्या वर्षाची पोरं तेवढी मूर्ख जन्मली होती?

खरं सांगायचं तर ते वीस गुण ही खैरात होती. तोंडी परीक्षा म्हणजे मास्तर नाव विचारायचे, बापाचं नाव विचारायचे आणि अठरा द्यायचे. त्या अठरांच्या चादरीखाली सगळं झाकलेलं होतं. २०१९ ला चादर ओढली आणि आम्ही उघडे पडलो. पण उघडे कोण पडलो? मास्तर नाही. संस्थाचालक नाही. ज्यांनी दहा वर्षं तोंडी म्हणून काही शिकवलंच नाही, लेखी म्हणून नक्कल शिकवली, त्यांच्या पगारातला रुपया कापला गेला नाही. उघडा पडलो मी. इंग्रजीत सत्तावीस. पस्तीसला पास. पुरवणी परीक्षेत अडतीस पडले, तेवढ्यावर मी मॅट्रिक. आणि मॅट्रिक झालेला मी 'कोरोसिव्ह' वाचू शकतो, म्हणजे त्याचा आवाज काढू शकतो.

आता थोडं लांबचं बोलतो. तुम्ही पँथरवाले म्हणवता. १९७२ ला आपल्या पोरांनी ते नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं, हे तुम्हाला पाठ आहे. पण त्या काळ्यांनी वाचायला कसं मिळवलं ते पाठ आहे काय? फ्रेडरिक डग्लस. गुलाम. बाल्टिमोरला मालकिणीनं त्याला ए-बी-सी शिकवायला घेतलं, मालकानं बंद पाडलं. म्हणाला, हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. मालक बरोबर होता. डग्लसनं तिथंच ठरवलं, ज्याला मालक एवढा भितो ते मिळवायचंच. वाचायला शिकला रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांकडून, बदल्यात त्यांना पाव देऊन. आणि लिहायला कुठं? जहाजं बांधायच्या आवारात, म्हणजे आमच्यासारख्याच ठिकाणी! तिथले सुतार लाकडाच्या तुकड्यांवर अक्षरं घालायचे. जहाजाच्या डाव्या बाजूचं लाकूड, उजव्या बाजूचं, पुढचं, मागचं, प्रत्येकाला अक्षर. तो ती अक्षरं बघून गिरवायचा. कुंपण, विटांची भिंत, फरसबंदी ही त्याची वही, खडूचा तुकडा ही लेखणी. मालकाच्या पोरानं लिहून टाकून दिलेल्या वहीत, ओळींच्या मधल्या जागेत तो गिरवत बसायचा. १८४५ ला त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची गोष्ट छापली.

हे मला कुणी शाळेत सांगितलं नाही. हे मला वाचनालयातल्या मराठी पुस्तकातून कळलं, आणि त्या दिवशी गोदीतल्या प्रत्येक खोक्याकडं मी निराळ्या डोळ्यानं बघितलं. बघा ना, आमची गोदी म्हणजे केवढी मोठी पाटी! 'धिस साइड अप.' 'कीप ड्राय.' पोत्यावर 'यूज नो हुक्स', म्हणजे आकडा लावू नका. आमचे जुने गोदी कामगार हातात आकडा घेऊन पोती ओढत आयुष्य संपवून गेले, पोत्यावर आकडा लावू नका असं छापलेलं, ते त्यांच्यातल्या किती जणांना वाचता येत होतं? पोतं फाटलं की दंड मात्र त्यांना वाचून दाखवायचे.

१४ एप्रिल १९४४. जयंतीचाच दिवस. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गासड्या आणि त्याच पोटात शेकडो टन दारूगोळा. धोक्याचा माल आहे म्हणून लावायचा लाल बावटा लावलेला नव्हता. जहाजाच्या कागदांवर काय आहे ते इंग्रजीत लिहिलेलंच होतं. कागद वाचणारे एक आणि गासड्या उचलणारे दुसरे. शेकडो माणसं मेली. दरवर्षी अग्निशमनवाले त्या दिवशी त्यांच्या जवानांना मान देतात, द्यायलाच पाहिजे. गोदीतल्या हमालांची नावं कुठं लिहिली असतील तर मला दाखवा.

आता मला माहीत आहे तुमच्यातला कुणीतरी म्हणणार, कॉम्रेड, इंग्रजी ही साम्राज्यवादाची भाषा आहे. असेल. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिली मराठीत, पण अर्पणपत्रिका इंग्रजीत केली, अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. प्रस्तावनाही इंग्रजीत जोडली. का? कारण पुण्यातल्या भटाला वाचून दाखवायचं ते मराठीत आणि जगाला वाचून दाखवायचं ते इंग्रजीत. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्यावर कविता लिहिली. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढला, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिलं. दोन आघाड्या, दोन हत्यारं. आणि त्यांना ते हत्यार कुणी दिलं? शाळेनं नंतर दिलं असेल. आधी रामजी सुभेदारांनी दिलं, घरात बसवून, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून घेऊन. म्हणजे पाठांतर, नक्कल हे मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. माल्कम एक्सनं तुरुंगात अख्खी डिक्शनरी हातानं उतरवून काढली. पण उतरवलेलं पान तो स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याच पानावर समोर असायचा. आमच्या वहीत अर्थ कधीच नव्हता. अर्थ मास्तरांच्या गाईडात होता, आणि गाईड कपाटात.

तुमच्यातला दुसरा कुणीतरी याच्या उलटं म्हणणार. इंग्रजी हीच मुक्ती, बाकी सगळं झूट. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बांका गावात इंग्रजीदेवीचं मंदिर बांधायला घेतलं होतं. करणारे आपलेच लोक, तळमळीचे लोक. मी त्यांच्यावर हसत नाही. पण मला ते पटत नाही. १९५६ ला नागपूरला आपण देव सोडले. आता पुन्हा एक देवी आणायची, आणि ती कॉम्प्युटरवर उभी म्हणून चालवून घ्यायची? देवी आली की पुजारी आला. पुजारी आलेलेच आहेत, महिन्याला हजारोंची फी घेऊन क्लास चालवतात. आपली माणसं पोटाला चिमटा काढून पोर 'कॉन्व्हेंट'ला घालतात. गोंदियाच्या गल्लीत दोन खोल्या, दारावर 'कॉन्व्हेंट' लिहिलेलं, आत तीच बोटं सरकवणारी पोरं. फक्त टाय लावलेली.

इंग्रजी ही देवी नाही आणि राक्षसीणही नाही. मला विचाराल तर ती हातमोजा आहे. ज्याच्या हातात नाही त्याचा हात भाजतो.

आणि लिहिणं म्हणाल तर आपल्या माणसानं शाळेत लिहिलेला पहिला निबंध कोणता? फुल्यांच्या शाळेतली मांग जातीची मुलगी, मुक्ता साळवे. वय चौदाच्या आसपास. शाळेत तीनेक वर्षं काढलेली. १८५५ ला तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय काय? माझा छंद नाही. मांग-महारांचं दुःख. जिचे पूर्वज अक्षराला शिवू शकत नव्हते त्या पोरीनं पेशवाईला, धर्माला जाब विचारला. शाळेतल्या वहीत! तिच्या मास्तरांनी तिला मनगटी घड्याळाबद्दल आभार मानायला लावले असते तर? पावणेदोनशे वर्षांपूर्वी जो विषय एका शाळेत चालला, तो आज जिल्ह्यातल्या कुठल्या वर्गात चालतो, मला दाखवा. आणि आता तर शाळाच पटावर घेतल्यात. २०१७ ला दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचं सरकारनं ठरवलं. असल्या शाळा कुठं असतात? शिवाजी पार्कात नसतात. जंगलातल्या टोल्यावर असतात, जिथं त्या पाच भाषांचं पोर राहतं.

तुम्ही विचाराल, मग तू काय करतोस? भाषणाला टाळ्या घेऊन जातोस?

आम्ही रविवारी वस्तीतल्या विहारात बसतो. संध्याकाळी सहाला. टोळीतले सहासात जण, दोघींच्या बायका, काही शाळेतली पोरं. गाईड नाही. पिंपावरचं लेबल, पगाराची पावती, औषधाची पट्टी, कोर्टाची नोटीस, बँकेचा मेसेज, जे कुणाच्या खिशात असेल ते. एक कागद, दहा शब्द. मोठ्यानं वाचायचं, अर्थ लावायचा, आणि मग प्रत्येकानं दोन वाक्यं स्वतःची लिहायची. 'टेसन' म्हटलं तर कुणी हसत नाही. ज्याला त्या शब्दाला आपल्या बोलीत काय म्हणतात ते माहीत असेल त्यानं तेही फळ्यावर लिहायचं. पहिल्या रविवारी शब्द होता 'कोरोसिव्ह'. हात भाजलेला जोडीदार आला होता. खडू डाव्या हातात धरून त्यानं तो लिहिला, आणि खाली मराठीत, खाणारं पाणी. मी डिक्शनरीत बघितलं. डिक्शनरीपेक्षा बरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं ठेकेदाराला अर्ज लिहिला, मराठीत, त्यात पिंपावरचे शब्द इंग्रजीत, आणि एकच मागणी, मोजे. पाच जणांच्या सह्या. अंगठा एकही नव्हता. ठेकेदारानं अर्ज घेतला नाही, मग आम्ही तो रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोचपावती आलीय. मोजे अजून आलेले नाहीत.

तुमच्यातल्या ज्यांना माझ्यापेक्षा चांगली इंग्रजी येते, आणि ती जवळजवळ सगळ्यांनाच येते, त्यांनी रविवारी यावं. भाषण करायला नको, फळ्याजवळ उभं राहायला. माझं व्याकरण अडतीस मार्कांचं आहे, तेवढ्यावर किती दिवस चालवू? आणि येताना खडू आणा. रंगीत नको, पांढरेच. मागच्या वेळी शेवटचा तुकडा पोरांनी बाहेरच्या भिंतीवर संपवला.

जयभीम.